मोठ्या कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक

बायकोने शिलाई मशीनला तेल घातलं की मला आजही घाम फुटतो. एडिनबराजवळच्या बंदुकीच्या दुकानात अगदी असाच वास होता. माझा मित्र मिलिंद गायकवाड हरणांच्या शिकारीसाठी रायफल घेणार होता. मी नुसता सोबतीला, पण ऐट माझीच. मालकाला म्हटलं, "सेमी-ऑटोमॅटिक दाखवा, मोठ्या कॅलिबरची!"

मालकाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"त्यावर इथे बंदी आहे, सर. सेमी-ऑटोमॅटिक मिळते ती छोट्या पॉइंट टू-टू कॅलिबरची, सशांसाठी. आपलं नाव?"

"गाढवा, तुझा व्हिसा रिन्यूअलला गेलाय!" मिलिंद कुजबुजला.

मी घाईघाईने मालकाकडे वळलो. तोंडातून निघालं, "मिलिंद गायकवाड."

मालकाने मान डोलावली, मिलिंदकडे वळून त्याचं लायसन्स मागितलं आणि त्यावरचं नाव सावकाश, मोठ्याने वाचलं.