वस्तादांचे बेडूक

शिवी घातल्याशिवाय वस्तादांना मायेनं बोलताच यायचं नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत त्यांनी कितीतरी पोरं घडवली. "गाढवा, जेवलास का?" हा त्यांचा नमस्कार. असा हा दांडगा माणूस म्हातारपणी काचेच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसायचा आणि अंगठ्याएवढ्या दोन बेडकांना चिमट्यानं किडे भरवायचा. हसू आवरायचं नाही हो!

बेडूक नातीचे, मुक्ताचे. कायम पाण्यातच राहणारी जात. ती पुण्याला शिकायला गेली आणि टाकी आजोबांच्या गळ्यात पडली. "यांस्नी नीट दिसत न्हाय. तोंडाम्होरं धरल्याबिगर खात न्हाईत," वस्ताद कौतुकानं सांगायचे. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून, औषधाचा वास उडाल्यावरच टाकीत घालायचे. दोघांनाही हाक एकच, पैलवान.

पण माया आंधळी असते. एकदा त्यांच्या मनानं घेतलं, टाकीतली वाळू काही खरी नाही. तालमीत जिथं कुस्ती लढतात त्या हौद्यातली लाल माती आणून त्यांनी तळाशी पसरली. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती! "हिनं आमची हाडं घट्ट केली, ह्यांची न्हाय करणार व्हय?"

दुपारी त्यांची हाक ऐकून मी शेजारून धावत गेलो. पाणी लालभडक, वर तेलाचा तवंग आणि एक बेडूक उलटा तरंगत होता. दुसऱ्याला मी चहाच्या गाळणीनं उचलून बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडलं. तो वाचला. वस्ताद मात्र भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "दुकानात अगदी असाच मिळतो. आणून सोडू. मुक्ताला कळणारसुद्धा नाही."

असे खवळले! "मुडद्या, मला नुरा कुस्ती खेळाय लावतोस?" निकाल आधीच ठरवून लढायची ती नुरा कुस्ती. वस्ताद ती जन्मात लढले नव्हते. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. "बाळ, तुझा एक पैलवान माझ्या हातनं मेला." पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके. मग ती म्हणाली, "दुसऱ्याला जपा, आजोबा."

जपलाही त्यांनी, अगदी जिवापाड. पुढं वस्तादांना दवाखान्यात ठेवलं आणि टाकी माझ्या घरी आली. एका सकाळी तो तळाशी निपचित दिसला. वस्तादांच्या घरची मंडळी म्हणाली, त्यांना सांगू नका, धीर सुटेल. मी भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "पैलवान कसा हाय?"

मी स्टूल ओढून जवळ बसलो. म्हटलं, "गेला, वस्ताद. वय झालं होतं."

त्यांनी माझा हात दाबला. "खरं सांगितलंस, लई बरं केलंस. वय झालं की हौद्यातनं भाईर पडायचंच असतंय. त्यात हार कसली?"

त्याच आठवड्यात वस्ताद गेले. मुक्ताला फोन मीच लावला. आजोबांचं सांगितलं, पैलवानाचंही सांगितलं; काही लपवलं नाही.