पुढे केलेला पदर

"राहू दे. तू हात नको लावूस."

काकूंनी पदर झटकन मागे घेतला. माझ्या हातात कॉलर माईकचा चिमटा तसाच उघडा राहिला.

जरा वेळापूर्वी याच बाई माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या होत्या, "अय्या, मराठी? साउंडचं काम करणारी मराठी मुलगी, दिल्लीत! कमाल आहे हं." मग गाव विचारलं. मग आडनाव. मी सांगितलं. चेहरा हसराच राहिला. हात मागे गेला.

"मला आरती करायची आहे ना," त्या म्हणाल्या. "टेबलावर ठेव ते. माझं मी लावून घेते."

गुडगावातल्या एका नव्या सोसायटीचा गणपती होता, आणि काकू तिथल्या मंडळाच्या अध्यक्षा. क्लबहाउसला एसी, पोहायचा तलाव, गेटवर वर्दीतला गार्ड. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अजून बाजरी उभी होती. सगळं इतकं नवं. आणि हे.

मी तेव्हा दिल्लीत मुनिरक्यात खोली करून राहत होते. नांदेडकडून यूपीएससीसाठी आलेली. खर्च भागवायला करोल बागेतल्या एका सरदारजींच्या साउंडच्या दुकानात काम धरलं होतं. बायकांच्या कपड्यांना माईक लावायला बाईच लागते, म्हणून त्यांनी मला घेतलं. गायिका, मॅनेजर मॅडम, मंत्र्यांच्या बायका. किती जणींच्या पदराला मी चिमटे लावले. हिंदीवाले विचारायचे, "कहाँ से हो?" महाराष्ट्र म्हटलं की विषय संपला. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळायचं नाही. कळायचं ते फक्त आपल्या मराठी लोकांना. आणि मी वेडी, आज मराठी ऐकायला मिळणार म्हणून सकाळपासून खुशीत होते.

कार्यक्रम सुरू झाला. काकू बोलायला उभ्या राहिल्या. ओठ हलले. आवाज नाही.

मी रिसीव्हर बघितला. चालू होता, पण सिग्नलचा दिवा विझलेला. एरियल सरळ केल्या. मिक्सरला गेलेली वायर काढून पुन्हा लावली. काही नाही. म्हणजे अडचण दुसऱ्या टोकाला होती, काकूंनी स्वतःच कमरेला लावलेल्या, आवाज पाठवणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये. बटण असेल, सेल असेल. बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मी स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला. काकूंनी तळहात दाखवला. तिथेच थांब.

लोक वळून बघायला लागले.

काकू मोठ्याने म्हणाल्या, "आजकाल कुणालाही कामावर घेतात. मग असंच होणार."

हॉल हसला. माझे कान तापले.

सरदारजी जवळ आले. "बेटा, जाके देख ना."

"हाथ नहीं लगाने दे रहीं."

"क्यों?"

गावात हे कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. तिथे सगळ्यांना माहीतच असायचं. इथे सांगायला तोंड उघडेना.

माझ्या हातात दुसरा माईक होता, काकूंना द्यायला आणलेला. चालू होता. मी तो तोंडाजवळ नेला. माईक दातांवर आपटला आणि तो आवाज सगळ्या हॉलभर झाला. मग मराठीतच बोलले.

"दुरुस्त करायचं तर काकूंच्या कमरेचं मशीन मला बघावं लागेल. त्या हात लावू देत नाहीत. मघाशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. तोपर्यंत माझा हात चालत होता."

कुणीतरी खोकलं. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "हे काय चाललंय? गणपतीसमोर?"

काकू हसल्या. "अगं, गैरसमज झालाय तुझा. आमच्याकडे असलं काही मानत नाहीत." आणि सगळ्यांदेखत पदर पुढे केला. "ये, लाव ना."

मघाशी मागे घेतलेला तोच पदर. आता मी त्याला हात लावायचा होता, त्यांचं मन किती मोठं आहे ते हॉलला दिसावं म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "आता मी हात लावणार नाही."

हातातला माईक स्टेजच्या कडेला ठेवला आणि बाहेर पडले. काकूंनी तो उचलला. गेटपर्यंत त्यांचं भाषण मला ऐकू येत होतं. टाळ्याही ऐकू आल्या. माझ्या मागे कुणी आलं नाही.

परतताना टेम्पोत सरदारजी म्हणाले, "अगली बार कोई और नाम बता देना. किसे पता चलेगा?"

वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण गेटपासून माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नहीं जी," मी म्हणाले. "यही बताऊँगी."

त्यांनी मला मराठी कार्यक्रमांना पाठवणं बंद केलं. मी भांडून ती कामं परत घेतली. दर वेळी जाते. कुणी विचारायच्या आधी पूर्ण नाव सांगते, मगच सामानाची पेटी उघडते. ज्याला चालत नसेल, त्याने माईकशिवाय बोलावं.