साहेबांच्या चबुतऱ्याची मोजणी

गावानं मला कृतघ्न ठरवलं, त्याला आता वर्ष होत आलं. सुरुवातीला तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. मग एका लग्नात, पंगतीत, माझ्याच चुलत्यानं ते म्हटलं आणि तेव्हापासून सगळ्यांनाच सोपं झालं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे, म्हणजे सरकारी मोजणीवाली. कुणाची जमीन कुठपर्यंत आहे ते मोजायचं, हद्दीवर खुणेचे दगड रोवून घ्यायचे आणि नकाशा करून द्यायचा. या नोकरीत शिव्यांना तोटा नाही. भांडणारे दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण मोजणी संपली की एकत्र येऊन मला शिव्या देतात. त्याची मला सवय आहे. साहेबांच्या नावानं बसलेली शिवी मात्र अजून पचलेली नाही, आणि मला ती पचवायचीही नाही.

साहेब म्हणजे आमच्या गावचे कर्नल. आयुष्य तोफखान्यात गेलं, डावा कान तोफांनी खाल्ला, आणि निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन गावी परत आले. आमचं गाव सायखेडा रस्त्यावर, गोदावरीच्या काठाला. घरटी फुलांची शेती. शेवंती, झेंडू, गुलाब, जे निघेल ते पहाटे नाशिकच्या बाजारात. साहेब आले तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस पोरांना पळवणार, भरतीची तयारी करून घेणार. साहेबांनी गणित शिकवायला घेतलं. दर रविवारी, घराच्या ओट्यावर, ज्याला यायचं त्यानं यावं. उशिरा येणाऱ्याला परत पाठवत आणि आगाऊपणा करणाऱ्याला असं काही बोलत की तो आठवडाभर त्या गल्लीनं जात नसे. गोड माणूस नव्हता तो. आता फोटोला हार घालताना सगळे त्यांना प्रेमळ म्हणतात. आमच्या वेळी तसं म्हणणारा कुणी मला भेटला नव्हता.

मी नववीत गणितात नापास झाले तेव्हा आईनं मला त्या ओट्यावर नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडूच दिली नाही. मळ्यात नेलं. आमच्या मळ्यातून लांबवर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. म्हणाले, हात ताठ धर, अंगठा वर कर, एक डोळा मीट. आता तो उघड आणि दुसरा मीट. अंगठा चिमणीवरून टुणकन उडून शेजारी गेला! मी घाबरून हात खाली घेतला. त्यांनी समजावलं, अंगठा जितका सरकल्यासारखा दिसतो तेवढं अंतर त्या वस्तूजवळ किती भरेल ते ताडायचं, त्याला दहानं गुणायचं, की वस्तू आपल्यापासून किती लांब आहे ते कळतं. मग नदीकाठचं एक चिंचेचं झाड दाखवलं आणि अंतर काढायला लावलं. मी सांगितलं. ते म्हणाले, चालून बघ. माझं उत्तर पन्नास पावलांनी चुकलं होतं.

"कुठं चुकलीस ते शोध," साहेब म्हणाले. "मग जेव."

त्या दिवशी मी दुपारी तीनला जेवले. पण गणित नावाची गोष्ट वहीत नसते, मळ्यात असते, हे त्या उपाशी पोटी कळलं ते कायमचं. पुढे बारावीनंतर वडील स्थळं बघायला लागले तेव्हा साहेब घरी आले. चहालाही थांबले नाहीत. "पोरीचा डोळा चांगला आहे. आयटीआयला सर्व्हेअरचा कोर्स आहे, तिथं घाला," एवढंच वडिलांना म्हणाले. वडिलांची त्यांच्यापुढे बोलायची छाती नव्हती. आज मी पायावर उभी आहे ती त्या दीड मिनिटामुळे. हे मी कुणापासून लपवलेलं नाही आणि कुणी मला त्याची आठवण करून द्यायची गरज नाही.

दिवाळीच्या आधी साहेब गेले. मी बाहेरगावी मोजणीवर होते, पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दशक्रियेला मात्र पहिल्यापासून होते. आमच्याकडे दहाव्याला घाटावर भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत लोक बसलेले असतात आणि पुढारी माइक सोडत नाहीत. त्या दिवशी पाच-सहा जण बोलले. एकानं साहेबांना अशा लढाईत लढवलं, जी त्यांच्या जन्माआधी झाली असावी. एकानं शत्रूची मुंडकी मोजली. मला बसवेना. मी उठले आणि म्हशीची गोष्ट सांगितली.

ती साहेबांनी आम्हाला ओट्यावर दोनदा सांगितली होती. तरुणपणी एकदा सरावाच्या वेळी त्यांनी काढलेला आकडा चुकला, गोळा हद्दीबाहेर पडला आणि एका शेतकऱ्याची म्हैस मेली. हाताखालच्या जवानावर ढकलता आलं असतं. साहेबांनी चूक माझी, असं लिहून दिलं आणि त्या शेतकऱ्याच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिले. मला त्यांचं सगळ्यात मोठं शौर्य तेच वाटत आलं आहे. पण घाटावर कुजबुज सुरू झाली. माझ्याबरोबर त्याच ओट्यावर शिकलेला, आता गावचा उपसरपंच असलेला माझा वर्गमित्र जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आज म्हशीचं काय काढलं? जरा चांगलं काय तरी बोल ना."

मी म्हटलं, "चांगलंच बोलले."

त्यानंतर स्मारकाचं निघालं. शाळेच्या शेजारी गावठाणाची मोकळी जागा आहे, तिथं चबुतरा आणि वर साहेबांचा अर्धपुतळा. वर्गमित्रानं समिती केली, पुढारी आणून भूमिपूजन झालं, पायाचा खड्डासुद्धा खणला. आणि मग वरून कागद आला की मंजुरीला मोजणीचा नकाशा लागेल. आधी कळस मग पाया, तसं आमच्याकडे आधी नारळ मग मोजणी. गावानं अर्ज केला आणि तोंडी मागणी केली की मोजणीला आमचीच ताई पाठवा, साहेबांची विद्यार्थिनी आहे. मी वरिष्ठांना म्हटलं, माझं गाव आहे, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, दोन जागा रिकाम्या आहेत, माणूस कुठून आणू? मशीन मोजतं, तुम्ही फक्त उभ्या राहा.

मी उभी राहिले. शंभरेक माणसं जमली होती, मोजणीला एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. जुना नकाशा काढला, दोन कोपऱ्यांचे जुने दगड झुडपात सापडले, त्यावरून हद्द घेतली. चबुतऱ्याचा खड्डा सात फूट पलीकडे होता. पलीकडे म्हणजे शेजारच्या मावशीच्या शेतात. या मावशीला नवरा नाही, मूलबाळ नाही, अर्ध्या एकरावर शेवंती करते आणि स्वतः बाजारात नेऊन विकते. मी पुन्हा मोजलं. मग उलट्या कोपऱ्यावरून तिसऱ्यांदा मोजलं, कारण मनापासून सांगते, चूक माझी निघावी असं मला वाटत होतं. सात फूट ते सातच फूट.

मावशी बाजूला पदर खोचून उभी होती. खड्ड्यासाठी तिचीच शेवंती उपटली होती आणि भूमिपूजनाच्या ताटात फुलंही तिचीच होती.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, मावशी?" मी विचारलं.

"माझी हद्द कुठं हाय ते मला तरी कुठं ठावं, ताई? गाव म्हनलं आपलं हाय, मला वाटलं आसंल."

वर्गमित्र मला बाजूला घेऊन गेला. "सात फुटाचं काय घेऊन बसली? साहेबाच्या नावाचं काम हाय. तिकडून पान्याची टाकी हाय, चबुतरा सरकवायला जागा नाय. दगड खड्ड्याच्या पलीकडं लाव, विषय संपव."

"दगड मी लावत नाही. नकाशा लावतो."

"तू बी साहेबाचीच ना? त्यांनी नसतं शिकवलं तर आज शेवंतीच तोडत असती."

तोडली असती. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला आजही कळत नाही. पण तेव्हा संताप डोक्यात गेला. मी गर्दीकडे वळून शंभर माणसांसमोर म्हटलं, साहेबांनी मला शिकवलं म्हणूनच मी दगड सरकवणार नाही. ज्यांना सरकवायला शिकवलं त्यांच्याकडून मोजून घ्या. कुणीतरी मागून ओरडलं, मावशीला विचारा, तिची हरकत हाय का? सगळे मावशीकडे वळले. बिचारी मान खाली घालून म्हणाली, "साहेबासाठी मी दिलंही आसतं. पन मला कुनी इचारलंच नाय."

गर्दीला वाटलं, सुटलं. वर्गमित्र तर हसायलाच लागला. मी म्हटलं, द्यायचं असेल तर मावशी आपलं म्हणून देईल, सही करून, सन्मानानं. तिचं नव्हतंच असं कागदावर मी लिहिणार नाही. आणि चुना मारून खुणा केल्या, दगड रोवून घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या. दोघांनी सही केली नाही. मी तसं लिहून ठेवलं.

पंधरा दिवसांनी मावशीनं खड्डा बुजवला. समितीचे लोक दानपत्राचा कागद घेऊन तिच्या दारात गेले होते म्हणे. ती म्हणाली, "माझं हाय ना आता? सरकारी दगड हाय ना? मग मी शेवंती लावते." आणि लावली. गाव तिला काही बोललं नाही, सगळा राग माझ्यावर निघाला. मीच तिला शिकवलं, मीच फूस लावली. मी काही फूस लावली नव्हती. पण ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात एकटीच हसत बसले. साहेबांचा अर्धपुतळा नाशिकहून येऊन ग्रामपंचायतीच्या खोलीत गोणपाटात पडून आहे. त्याला झुपकेदार मिशा आहेत. साहेबांनी जन्मात मिशी ठेवली नाही.

माझं हसणं इथवरच. कारण काकूंकडे जायची मात्र माझी हिंमत झाली नाही. गाव काय म्हणतं याची मला फिकीर नव्हती, पण काकू काय म्हणतील या विचारानं मी चार महिने त्यांच्या गल्लीनं गेले नाही. शेवटी एका रविवारी गेले. त्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसले आणि मोजणीचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, कोपऱ्यातले दगड, तीनदा घेतलेली मापं, मावशीचं बोलणं. त्या भाजी निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "तो पुतळा माझ्या दारातून दिसला असता."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी वळून पाहिलं. शाळेशेजारची ती जागा त्या ओट्यावरून सरळ दिसते.

"काकू, मी..."

"तुझं बरोबर आहे. ते असते तर त्यांनीही दगड तिथंच लावला असता. मला काय ठाऊक नाही?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "तीस वर्षं त्यांचं बरोबर असायचं, त्यापायी बदली व्हायची आणि सामान मी बांधायचे. ज्याच्याशी वाकडं घेतलं त्याच्या बायकोशेजारी मी बसायचे. तुम्ही रविवारी यायचात, शिकून घरी जायचात. ते गेले तेव्हा मला रडू आलं आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. आता कुणाचं बरोबर आहे म्हणून मला काही सोसावं लागणार नाही, असं वाटलं. तर तू निघालीस, त्यांच्यासारखीच."

मी रडायला लागले. माफी मागावीशी वाटली आणि मागता येईना, कारण माफी कशाची मागणार होते? काकूंनी भाजीची परात माझ्याकडे सरकवली. मी मेथी निवडायला लागले. अर्धी जुडी निवडून झाल्यावर मी म्हटलं, "काकू, दगड नाही हलणार."

"हलवू नकोस," काकू म्हणाल्या. "पण मला बरं वाटावं अशी अपेक्षाही धरू नकोस."