उदगीरकरांपुढे माझा विषय

दुष्काळाच्या त्या वर्षी मुलगी बघायला येणारे पाहुणे पिण्याच्या पाण्याचा जार सोबत घेऊन येत. तशी रीतच पडून गेली होती. उदगीरकरही आमच्या उमरीला आले ते गाडीच्या डिकीत जार घालून. वडिलांनी पाहुण्यांच्या आधी जारला हात दिला. मला हसू आलं आणि आईने डोळे वटारले.

मला हे लग्न नको होतं. नांदेडला माझं संशोधन निम्म्यावर आलं होतं आणि उदगीरकरांनी मध्यस्थाकरवी आधीच कळवलं होतं की शिक्षण झालं तेवढं पुरे. मी नाही म्हटलं असतं तर वडिलांना चारचौघांत तोंड दाखवायची पंचाईत झाली असती. तेव्हा नकार तिकडूनच यायला हवा होता, आणि त्यासाठी माझ्याजवळ हुकमाचा एक्का होता, तो म्हणजे माझा विषय. शुक्राणू आणि अंडपेशी यांच्या पटलावरची प्रथिनं. हा विषय ऐकून एसटीत शेजारच्या बाईने एकदा जागा बदलली होती. आईला त्याची पुरेपूर कल्पना असल्यामुळे 'पेशींवर काहीतरी' एवढंच बोलायची ताकीद मला मिळाली होती.

पोहे भिजवण्यात पाणी जायला नको म्हणून आईने चिवडा केला. तो कोरडाठाक आणि तिखटजाळ. बशी निम्मी व्हायच्या आत सगळ्यांना तहान लागली आणि पाहुण्यांचं पाणी पाहुण्यांपेक्षा आम्हीच जास्त प्यायलो. मुलाच्या वडिलांचं आडतीचं दुकान होतं. मुलाबद्दल काही सांगायच्या आधी त्यांनी उदगीर जिल्हा होणार, हे सांगितलं. म्हणजे मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी पडणार. आमचे वडील काय कमी आहेत? आमच्या नांदेड जिल्ह्याचेही दोन तुकडे होणारच, असं त्यांनी ठणकावलं. अजून न झालेल्या जिल्ह्यांवर दोघे तावातावाने भांडत होते आणि मुलगा मुकाट्याने चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.

एवढ्यात मुलाच्या आत्याने मला विचारलं, कशावर अभ्यास करायलीस? ही आत्या बरीच वर्षं भावाकडेच राहत होती, आणि भाऊ तिच्या शब्दाबाहेर नव्हता. मी पदर सावरला आणि सगळा विषय एका दमात, एकही शब्द न गाळता सांगून टाकला.

बैठकीत चिवडा चावायचा आवाज थांबला. आई आत निघून गेली. मुलाच्या वडिलांनी घाईघाईने कलेक्टर ऑफिसला कोणती जागा बरी यावर बोलायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, सुटले.

पण आत्या खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. नुसतं नाव काय सांगतेस, नीट सांग म्हणाली. मग मी सांगितलं की शुक्राणूच्या डोक्यावर एक प्रथिन असतं, अंडपेशीच्या पटलावर दुसरं, आणि ती दोन एकमेकांना धरतात तेव्हाच पुढचं जमतं. एकदा जमलं की अंडपेशी आपलं प्रथिन पटलावरून झटकून टाकते, मागून येणारे हात हलवत परत. आत्याला हे फार आवडलं. शहाणी हाय, असं ती अंडपेशीला म्हणाली. ती जसजशी खूश होत गेली तसतसा मला घाम फुटत गेला. माझ्याच विषयाने माझं लग्न जमत होतं.

"नराच्या अंगात ते प्रथिन नसलं तर?" तिने विचारलं.

"उंदरांवर करून बघितलंय. शुक्राणू पळतो, पोचतो, अंडपेशीला जाऊन टेकतोसुद्धा. फक्त जुळत नाही. पिल्लं होत नाहीत."

"आन् मादी?"

"मादी ठणठणीत असते."

"नराकडं बघून कळतं?"

"नाही. दिसायला चांगला धट्टाकट्टा असतो."

माणसाचंही असंच असतं का, हेही तिने विचारलं. असू शकतं, पण अजून नीट कळलेलं नाही, त्याचाच शोध चाललाय, असं मी म्हणाले. मग ती भावाकडे वळली.

"अण्णा, ही पोरगी आपल्याला न्हाई. हिला अजून लई काम हाय."

अण्णा कलेक्टर ऑफिस अर्ध्यावर सोडून उठले. मुलगाही उठला, उरलेले दाणे तोंडात टाकत. रिकामा जार वडिलांनी स्वतः डिकीत नेऊन ठेवला. सगळे गाडीकडे गेल्यावर आत्या दारात चपला घालायला थांबली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "मूल होत न्हाई म्हणून मला माहेरी आणून सोडली. त्याला कुणी तपासलं न्हाई. तुला नीट कळलं की फोन कर, पोरी. तवर तो मेला असला तरी कर."

मी हो म्हणाले आणि मला रडू कोसळलं. आईला वाटलं नकाराने रडतेय. तिने मला पोटाशी धरलं, आणि आत्याच्या नावाने बोटं मोडायला लागली.