मेहुण्याच्या हातचा दोर

आमच्या काकती गावात झाडांवर चढणाऱ्यांच्या टोळीची एक रीत होती. जो वर चढेल त्याच्या कमरेचा दोर खाली त्याच्या मेहुण्याने धरायचा. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. सख्खा भाऊ चालत नसे, कारण भावाभावांत बांधाचा वाद असतो. बापाचे हात थकलेले असतात आणि मित्राचं काय, आज आहे उद्या नाही. पण स्वतःच्या बहिणीचं कुंकू कोण पुसू देईल? एवढ्या एका भरवशावर माणसं पन्नास-पन्नास हात उंच वडावर चढायची. ज्याला मेहुणा नव्हता त्याला कुणी चढू देत नसे. तो खाली फांद्या ओढायचा.

माझा नवरा चढायचा आणि माझा धाकटा भाऊ दोर धरायचा. नवऱ्याला मी जन्मभर अहो-जाहो केलं, पण लिहिताना ‘तो’च म्हणणार आहे. माझं आता वय झालं आहे आणि रागवायला तो राहिलेला नाही.

लढाईचे दिवस होते. निपाणीकडून बेळगावला येणाऱ्या सडकेवर मिलिटरीचे ट्रक दिवसभर धावत. सडकेच्या दोन्ही अंगांना जुने वड आणि आंबे, त्यांच्या फांद्या रस्त्यावर वाकलेल्या. ट्रकांचे टप त्यांना अडकत. झाडं पाडायची नव्हती. आडव्या फांद्या उतरवायच्या, वाळकं काढायचं, आंब्यावरची बांडगुळं खरवडायची, असं काम होतं. सुगी आटोपली की आमच्या गावची सहा-सात माणसं ते करत.

टोळीच्या मुकादमाला सगळे आप्पा म्हणत. म्हातारा, बुटका आणि तोंडाचा फाटका. दव वाळल्याशिवाय चढायचं नाही. आधी मोहोळ बघायचं, मग झाडाला हात लावायचा. तोंडात तंबाखू धरून वर जायचं नाही. फांदी सुटायच्या आधी तीन हाळ्या द्यायच्या, दोन मराठीत आणि एक कानडीत, कारण सडकेवरचा गाडीवान कुठला असेल सांगता येत नाही. आणि दोर धरणाऱ्याला एकच ताकीद: दोर नुसता हातात धरायचा नाही, खोडाला एक वेढा घालून मगच धरायचा. वेढा असला की पडणाऱ्याचं ओझं खोड पेलतं. वेढा नसला तर पैलवानाच्याही हातातून दोर सुटतो.

सकाळी कामाला हात लावण्याआधी आप्पा एकेकाला उभं करून विचारायचा, “झोप झाली? घरात भांडान न्हाय नव्हं?” भांडण आहे म्हणणाऱ्याला त्या दिवशी ना कुऱ्हाड मिळे, ना दोर. याला लोक हसायचे. मीही हसले आहे.

दोर आमच्या घरी खुंटीला असायचा. घायपाताचा, अंगठ्याएवढा जाड. त्याला दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. एके दिवशी चढायचं काम नव्हतं, दोर घरीच होता. रेडकाचं दावं तुटलं आणि शेजारच्याच्या मक्यात ते घुसलं. मी हाताला लागला तो दोर घेतला आणि रेडकाला खुंट्याला बांधलं. रेडकाने दोर दिवसभर दगडावर घासला. संध्याकाळी नवरा आला, दोरावरून त्याने बोट फिरवलं, उसवलेले धागे पाहिले. मग त्याने दोर दुहेरी केला आणि माझ्या पाठीवर ओढला. किती वेळा ते मी मोजलं नाही. चूक माझी होती हे आजही मान्य करते. त्या दोरावर त्याचा जीव टांगलेला असायचा. पण त्याआधीही तो मारायचा, तेव्हा माझ्या हातून कोणते दोर उसवले होते?

मी तशीच दोन गल्ल्या ओलांडून माहेरी गेले. पाठ बघून आई हळद उगाळायला बसली. भाऊ परड्यात पाय धूत होता. आईने मला गप्प बसायची खूण केली. मला मात्र संताप आवरेना. भावाकडे पाठ केली, पदर सरकवला आणि म्हणाले, “बघ. तू कसला दोर धरतोस ते नीट बघ.”

दोराचा पीळ माझ्या पाठीवर जसाच्या तसा उमटला होता. तो पीळ भावाएवढा कुणाला ठाऊक असणार? रोज सहा-सात तास त्याच्या तळहातात असायचा तो.

भावाने पाय पुसले. जेवला, हात धुतले, भिंतीला टेकून बसला. मला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल, नवऱ्याची गचांडी धरायला धावेल. तो तसा धावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मी घरी परतले. नवरा कामावर गेला होता. मक्यात पुन्हा रेडकू शिरलं म्हणून शेजारीण ओरडत होती आणि माझं लक्ष खुंटीकडे गेलं. दोर तिथे नव्हता. म्हणजे आज तो चढला. म्हणजे आप्पाने विचारलं तेव्हा दोघेही खोटं बोलले. ज्या माणसाला हे सांगायचं नव्हतं, नेमकं त्यालाच मी उघडं करून दाखवलं होतं. भाऊ बहिणीसाठी दोर धरतो. आणि मी काय करून बसले, तर त्या दोरानेच मला मारलंय हे त्याला दाखवून आले.

भाकरी फडक्यात बांधली आणि सडकेला लागले. भाकरीचं निमित्त होतं. मी जेवण कधी नेत नसे. ते सकाळी बरोबर घेऊन जात. ऊन चटके देत होतं, वारा पडला होता. वाटेतल्या झाडांखाली परवाची तोडलेली पानं वाळत पडलेली, पाय पडला की चुरचुरायची. बेळगावच्या अंगाला अर्ध्या कोसावर मोठा वड होता, तिथे काम चाललेलं. लांबूनच कुऱ्हाडीचा आवाज आला आणि मला हायसं वाटलं. आवाज येतोय म्हणजे तो अजून वर आहे.

मी पोचले तेवढ्यात कुऱ्हाड थांबली. ट्रकांची रांग येत होती. आप्पा लाल फडकं घेऊन लांब वळणावर उभा होता, बाकीची माणसं पलीकडे फांद्या ओढत होती. रांग जाईपर्यंत काम बंद. नवरा सडकेवर आलेल्या फांदीवर, टोकाच्या अडकलेल्या डहाळ्या छाटायला, अर्धवट तोडलेल्या जागेच्या पुढे सरकून बसला होता, कुऱ्हाड मांडीवर. बुंध्याशी माझा भाऊ एकटा.

आणि खोडाला वेढा नव्हता.

दोर वरच्या बेचक्यातून सरळ खाली भावाच्या मुठीत आला होता. आप्पाची शिस्त पोराटोरांनाही पाठ होती, मग मला कशी नसणार? मी जवळ गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“आक्का,” तो म्हणाला, “तूच सांग. तू म्हणशील तसं.”

पहिला ट्रक गेला. धुळीने डोळे भरले. मी वर पाहिलं. नवऱ्याने खाली पाहिलं होतं. त्याला सगळं दिसत होतं: सरळ लोंबणारा दोर, उघडा बुंधा, दोघं बहीणभाऊ. त्याला मागे सरकायला तोडलेल्या जागेवरूनच जावं लागणार होतं, आणि हलला तर फांदी मोडणार होती. ओरडून तरी तो कुणाला सांगणार? ट्रकांच्या घरघरीत काही ऐकू आलं नसतं. तो भावाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मला बोलायचं होतं. एक शब्द पुरला असता. पण पाठीवरची लुगड्याची चिकटलेली घडी ओढली गेली आणि मी गप्प राहिले. दुसरा ट्रक गेला. तिसरा गेला. ट्रकातले शिपाई आमच्याकडे बघून हसले. चौथा गेला तरी मी गप्पच. मला भीती वाटत होती असं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला भीती वाटत नव्हती. त्या घटकेला मला बरं वाटत होतं.

शेवटचा ट्रक वळणाआड गेला. आप्पाने फडकं खाली केलं आणि हाळी दिली. आता वर कुऱ्हाड चालवावी लागणार.

“वेढा घाल,” मी म्हणाले.

भावाने माझ्याकडे पाहिलं, मग बुंध्याला दोर फिरवला. तो फिरवून होतो न होतो तोच वर फांदी कडाडली. नवऱ्याने कुऱ्हाड उचललीच नव्हती. त्याच्या वजनानेच ती गेली. फांदी सडकेवर आदळली आणि तो दोराला लोंबकळत फिरू लागला. बुंध्यावरची साल घासून निघाली, भावाच्या तळहाताचं कातडं गेलं, पण दोर सुटला नाही. आप्पा धावत आला. “मेव्हना असावा तर असा!” म्हणून त्याने भावाची पाठ थोपटली. भाऊ आपले रक्ताळलेले हात बघत राहिला. नवऱ्याला हळूहळू खाली सोडलं. तो माझ्यासमोर उभा राहिला. मी भाकरीचं फडकं पुढे केलं. त्याने ते घेतलं.

त्यानंतर त्याने माझ्या अंगाला बोट लावलं नाही. दोर धरायला दुसरा माणूसही तो मागू शकला नाही. मागितला असता तर आप्पाने कारण विचारलं असतं, आणि मेहुणा जिवंत असताना परका माणूस त्याचा दोर धरायला धजावला नसता. पुढे नऊ वर्षं तो त्याच मेहुण्याच्या दोरावर चढत होता.

रोज सकाळी दोर खांद्यावर टाकून तो उंबऱ्यात थांबायचा आणि मला विचारायचा, “आज चढू नव्हं?” गल्लीतल्या बायकांना फार कौतुक होतं त्याचं. बायकोला विचारल्याबिगर पाऊल टाकत न्हाय, म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मी “चढा” म्हटलं की तो जायचा. काही सकाळी मी चूल फुंकत बसायची आणि उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावायची.