माझ्या बेलाचे रखवालदार

देवळात एक तास बसलं तर एखादा किस्सा मिळतो. मुलांच्या बागेत पाणी घालत एक तास उभं राहिलं, तर पदरात मावत नाहीत इतके मिळतात! आणि लेकरं बिचारी शहाणी असतात. किस्से सगळे मोठ्यांचे.

आमच्या नागपुरातल्या सरकारी वनस्पती उद्यानात एका कोपऱ्यात लहान मुलांसाठी वेगळी बाग आहे. सोळा सोमवारांच्या उद्यापनाला मी भांडी वाटली नाहीत. बी रुजवून वाढवलेलं बेलाचं रोप या बागेला दिलं. ते जगावं, लेकरांनी त्याच्या सावलीत खेळावं, एवढंच महादेवाकडे मागणं. म्हणून मी आणि शेजारची कमलताई तिथे पाणी घालायला जातो. कमलताई देवाला मानते, भक्तांना मानत नाही.

*

तिथे लाजाळूचा एक वाफा आहे. मुलांनी बोट लावावं, पानं मिटावीत, मुलांनी खिदळावं, म्हणूनच लावलेला. उद्यानाच्या साहेबांनी त्यावर पाटी ठोकली : 'झाडांना हात लावू नये.' वर शिट्टीवाला गार्ड!

आता ते लाजाळू दिवसभर ताठ उभं असतं. नोकरीत कायम झाल्यासारखं!

*

एकदा एक पाहुणे वृक्षारोपणाला आले. संत्र्याचं कलम खड्ड्यात ठेवलं, तेही काळ्या प्लास्टिकच्या थैलीसकट.

कमलताईला राहवेना. "साहेब, लेकराले आंघोळ घालताना स्वेटर तं काढा लागते ना जी!"

पाहुण्यांच्या आधी उद्यानाचे साहेबच घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या ताई, थैली फाडू नका. हेच कलम अजून दुसऱ्या बागेत लावायचं आहे!"

फोटो झाला. कलम गाडीत बसून पाहुण्यांच्या मागे गेलंसुद्धा.

*

एका शाळेची सहल आली. बाईंनी मुलांना तुळशीकडे पाठ करून बसवलं आणि मोबाईलमधल्या तुळशीचं चित्र काढायला सांगितलं.

मी हळूच म्हटलं, "बाई, खरी तुळस मागेच आहे."

"माहीत आहे हो काकू. पण तिला किडे लागलेत. ही क्लीन आहे!"

*

श्रावण लागला आणि बेलाला मागणी आली. सोमवारी बेल तोडायचा नसतो, म्हणून भक्त मंडळी रविवारीच येतात. पहिल्याच रविवारी एक भरजरी बाई रोपाची पानं ओरबाडताना दिसल्या. मी हात जोडले. "ताई, लहान आहे हो ते. मरेल."

"सोमवारी नाही तोडत आम्ही! शास्त्र पाळतो!" बाई म्हणाल्या.

घसरगुंडीवरून एक चिमुरडी ओरडली, "काकू, एवढी पानं नेण्यापेक्षा देवालेच इकडे घेऊन या ना!"

बाई चपापल्या. काय वाटलं कोण जाणे, पानं टाकून गेल्या. मला वाटलं, वाचलं रोप!

सोमवारी बाई हजर. हातात दुधाचा तांब्या. सगळं दूध रोपाच्या बुडाशी! त्यांचं पाहून दुसरीनं ओतलं, मग तिसरीनं. बुडाशी मुंग्या, वर आंबूस वास. उरलेली पानं पिवळी पडली. ओरबाडून मेलं नसतं, ते आता भक्तीनं मरणार होतं.

*

पुढच्या सोमवारी जाऊन पाहते तर रोपाजवळ कुणीच नाही! लांब, कण्हेरीखाली एक गोल काळा गोटा. त्यावर भस्माची तीन बोटं, जास्वंदाचं फूल आणि समोर बायकांची ही रांग! दूध तिकडे, उदबत्ती तिकडे.

"स्वयंभू आहे म्हणतात," भरजरी बाई मला कुजबुजल्या. तेवढ्यात कुणी तरी बेलाकडे हात नेला, तर ह्याच खेकसल्या, "ओ, देवाच्या दारचं झाड आहे ते! पाप लागेल!"

श्रावण सरता सरता रोपाला तांबूस कोवळी पानं फुटली. तीन तीन दलांची! माझे डोळे भरून आले. मी कण्हेरीखाली गेले आणि त्या गोट्यासमोर गुडघे टेकले.

मागून कमलताईनं पदर ओढला. "काहून वं, तू काहून पाया पडून राहिली? तो गोटा तं मीच आणून ठेवला, पाण्याच्या पंपाजवळचा!"

"थांब वं," डोळे न उघडताच मी म्हटलं, "नवस बोलून राहिली मी. मधात बोलू नको!"