स्टेशन पडणार, असं मीच लिहिलं होतं

आमच्या घरात निरोप कधी सरळ पोचायचा नाही. तो आधी परत म्हणून दाखवावा लागायचा. नाना, म्हणजे माझे वडील, गावच्या रेल्वे स्टेशनवर पॉइंट्समन होते. रुळांचा सांधा बदलायचा हुकूम स्टेशन मास्तरांनी दिला की तो शब्दन् शब्द परत म्हणायचा आणि मगच हात लावायचा, अशी त्यांची नोकरी. घरी आईनं मला "दुकानातून गूळ आण" म्हटलं, तरी नाना ओट्यावरून ओरडायचे, "परत म्हन." मी म्हणायचो, "दुकानातून गूळ आणतो." मग पाय हलवायची परवानगी. एवढं करूनही मी बऱ्याचदा साखरच आणायचो, ते सोडा.

नाना निवृत्त झाले त्याच सुमारास गिरणा नदीच्या बाजूला स्टेशनची नवी इमारत झाली आणि गाडी तिच्यापुढं थांबू लागली. जुनी इमारत काळ्या दगडाची. वर कौलं, पुढं सागाच्या खांबांची पडवी. तिला कुलूप लागलं. वर्षा-दोन वर्षांत बाहेरची घंटा गेली, दिव्याचे खांब गेले, पाटीवरचं गावाचं नाव पुसट झालं. नाना मात्र रोज सकाळी खराटा घेऊन जायचे, फलाट झाडायचे, पडवीत बसून एक विडी ओढायचे आणि घरी यायचे. "गाडी तर येत नाही," आई म्हणायची. नाना म्हणायचे, "धूळ येस ना."

मी तेव्हा धुळ्याला एका शाळेत कारकून होतो. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मलाच वाटायचं. इमारत दुरुस्त करून घ्यावी म्हणून मी रेल्वेला अर्ज लिहिला. वाचणाऱ्याला दया यावी म्हणून त्यात रंग भरला. 'भिंती जर्जर', 'छताची तुळई कोणत्याही क्षणी कोसळेल', 'निष्पाप जिवांना धोका' असं सगळं. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नानांना वाचून दाखवायचं मात्र राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, टाळलं. त्यांनी पहिल्या ओळीलाच अडवलं असतं.

उत्तर आलं ते असं : इमारत धोकादायक असल्याचं गावकऱ्यांनीच कळवलं असल्यानं ती पाडण्याचा विचार आहे; अमुक तारखेला पाहणी होईल. कागद मी खिशात घातला आणि गावी गेलो. नानांना सांगायची हिंमत झाली नाही. बहिणीला सांगितलं. ती माहेरी आलेली, कारण ती तारीख नेमकी अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची होती. कॅलेंडर बघायचं मला सुचलं नव्हतं.

अखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झोके बांधतात. स्टेशन चालू होतं तोवर मास्तरांच्या धाकानं पडवीकडं कोणी फिरकायचं नाही. बंद पडल्यापासून गावातला सगळ्यात लांब झोका तिथल्याच तुळईला बांधला जायचा. मी सकाळी धावत गेलो तर बहीण आणि तिची मैत्रीण समोरासमोर उभ्या राहून झोका चढवत होत्या.

"उतरा," मी म्हटलं. "साहेब येतील."

"तुन्ही तुळई पडाले ऊनी ना?" बहीण माझ्या अर्जावरून टोमणा मारत वरून म्हणाली. "मंग त्यास्ले बी दखू दे, कशी पडस ती."

साहेब आले ते याच वेळी. चाळिशीचे, हातात छत्री, बरोबर एक मुकादम. ते बराच वेळ वर बघत उभे राहिले. झोका येत होता, जात होता. बायकांचं गाणं थांबलं नाही. मुकादमानं शिडी लावली, तुळईत टोच्या खुपसून पाहिला आणि खाली बघून मान हलवली. टोच्या आत जात नव्हता.

"ही कोसळणार, असं कुणी लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

नाना खराटा हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते. बहीण माझ्याकडं बघू लागली, म्हणून तेही बघू लागले. मी म्हटलं, "मी."

"कसाले?" नाना एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा बारीक झाला होता. तो अजून ऐकू येतो.

साहेब भले. म्हणाले, "आहे तसं लिहून द्या. मी माझ्या अहवालाला जोडतो." बहिणीनं त्यांना पडवीतच पाट मांडून आमरस वाढला, आणि नाना सांगू लागले, मी लिहू लागलो. "भिंती बठ्ठ्या शाबूत. तुळई शाबूत. तेरा कौलं फुटेल. खिडकीले काच नही. झाडलोट रोज व्हस."

"कोण करतं?" मी विचारलं.

"ते लिखू नको."

लिहून झाल्यावर ते म्हणाले, "आते वाची दाखाड." मी सगळं वाचलं, ओळन् ओळ. ते डोळे मिटून ऐकत होते, प्रत्येक वाक्याला मान हलवत. शेवटची एक ओळ मी वाचलीच नाही.

साहेबांनी हात धुतले, कागद घेतला आणि त्यांना काय सवय, मोठ्यानं वाचायला लागले. शेवटी आले : "ही झाडलोट येथील निवृत्त पॉइंट्समन नोकरी संपल्यापासून रोज स्वतःहून करतात."

नानांनी डोळे उघडले. "हाई वाचं नही तू."

"राहिलं," मी म्हटलं.

साहेबांनी सही केली. कागदाची घडी करताना त्यांनी नानांना विचारलं, कौलं कुठली लागतील, जुन्या मापाची आता कुठं मिळतात. नाना त्यांना घेऊन इमारतीमागं गेले. त्याच मापाची शाबूत कौलं तिथं त्यांनी भिंतीला टेकवून रचून ठेवली होती, तेरापेक्षा कितीतरी जास्त. मला ती कधी दिसली नव्हती, कारण मागं मी गेलोच नव्हतो.

आता तिथं गावची बालवाडी भरते. तुळई तीच आहे. फलाट नाना असेपर्यंत नाना झाडत होते. सुट्टीत गेलो की मी झाडतो, आणि बहिणीच्या मते नीट झाडत नाही.